उसने डोळे

मेलेला माणूस हलत नाही. म्हणून त्याचा फोटो सगळ्यात साफ येतो. जिवंत माणूस श्वास घेतो, पापणी मारतो, नाक ओढतो. अंधाऱ्या घरात कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागला की तो धुकट होऊन जातो. माझ्या पेट्यांत असे कितीतरी फोटो आहेत. मधोमध बसलेला बुढा लख्ख, दाढीचा केस न् केस मोजून घ्या, आणि बाजूला त्याची पोरं-सुना धुरासारखी. अनोळखी माणसाला दाखवलं तर तो म्हणेल, यातला जिवंत हा एकच.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला, "काका, फोटोच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या." गमती आहेत, त्याही सांगतो. पण यंदा होळीच्या आधी माझी बायको गेली, आणि पोळा झाल्यावर एक बाई स्टुडिओत येऊन बसली, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरत नाही. मी सातवी शिकलो. जसं येईल तसं लिहितो, दुरुस्त करायचं ते त्यांनी करावं.

तुमसरला माझा स्टुडिओ आहे. आता नावापुरता आहे, फॉर्मचे फोटो काढतो. मी धंदा सुरू केला तेव्हा खेड्यात फोटो नावाची वस्तूच नव्हती. माणूस सत्तर वर्षं धानात वाकून जगायचा आणि मेला की घरच्यांना आठवायचं, भिंतीवर लावायला काहीच नाही. मग कोणीतरी सायकल मारत यायचा, "चला जी, बाबाचा फोटो काढाचा आहे, माती दुपारी आहे." माती म्हणजे अंत्यविधी, आमच्याकडे असंच म्हणतात.

मी जायचो. मेलेल्याला आंघोळ घालून, टोपी घालून सपरीत, म्हणजे ओसरीत, भिंतीला टेकवून बसवलेलं असायचं. पाठीशी धानाच्या तणसाचा भारा. मान पडायची, म्हणून मागे धोतराच्या आडून एक जण डोकं धरून बसायचा. ते जुने फोटो जवळून पाहा. कानाच्या मागे कोणाची तरी दोन बोटं दिसतील.

आता डोळे. डोळे मिटलेले असायचे. आणि मिटलेल्या डोळ्यांचा फोटो लोक भिंतीवर लावत नसत. हार घालायचा, उदबत्ती लावायची, त्यानं आपल्याकडे पाहिलं पाहिजे. मग आम्ही डोळे उसने घ्यायचो. घरात विचारायचं, "बाबासारखे डोळे कोणाचे?" लेक असेल, भाऊ असेल, त्याला तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच उजेडात बसवून फक्त डोळ्यांसाठी फोटो काढायचा. तो मेलेल्याच्या मापाचा छापायचा, पात्यानं डोळे कापायचे, मागून कडा घासून पातळ करायच्या, मूळ फोटोवर चिकटवायचे, सांधा ब्रशनं बुजवायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचा. की झाला बाबा जागा.

हे कापायचं काम माझी बायको सुभद्रा करायची. लग्नाआधी ती विड्या वळायची. तेंदूचं पान कैचीनं कापून कापून तिचा हात असा बसला होता की पापणीचा केससुद्धा तुटत नसे. मी फोटोवाला म्हणवून घेत होतो, पण मेलेल्यांना जागं करायची ती.

आता जमनाचं सांगतो.

आंबागडच्या किल्ल्याखालच्या गावात एक शेतकरी मेला. धानाच्या बांधीत काम करताना साप चावला. भिवा त्याचं नाव. गावात सगळ्यात हसरा माणूस. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू असला की बाया त्याच्याच बांधीत यायला मागत, असं मला तिथंच कळलं. मी पोहोचलो तेव्हा त्याला बसवून ठेवलं होतं. ओठ जरासे एका बाजूला वर गेलेले, जणू आता काहीतरी बोलेल आणि समोरच्याची फजिती करेल.

"डोळे कोणाचे?" मी विचारलं.

"जमनाचे," दोघी-तिघी एकदम बोलल्या. "बापाचेच काढून लावले जसे."

जमना चौदा-पंधरा वर्षांची. दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि रडत होती. आवाज नव्हता, नुसतं पाणी. खरं तर मी परत यायला पाहिजे होतं. तेरवीनंतर एक चक्कर मारली असती तर काय बिघडलं असतं? पण तुमसर ते आंबागड सायकलचा रस्ता, त्यात मी जवान, एका फेरीत काम उरकणारा म्हणून माझी मलाच शाबासकी. मी तिला हात धरून उजेडात आणलं, हनुवटी वर केली. "इकडं पाह्य. पापणी नको मारू."

त्या वेळचा कॅमेरा वरून वाकून पाहायचा. काचेत माणूस उलटा, म्हणजे डाव्याचा उजवा दिसतो. जमनानं डोळे पुसायला उजवा हात उचलला, तो काचेत उजवीकडून आला. मी म्हणालो, "हात खाली." तिनं हात खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बटन दाबलं.

घरी येऊन छापलं. सुभद्रानं पातं उचललं आणि परत ठेवलं.

"अजी, हे पोरगी रडून राहिली."

"तिच्या बापाची माती होती, रडणार नाई तं काय करणार?"

"मी नाई कापत हे डोळे."

"द्यायचं आहे परवा."

"तं तुमी कापा."

मी कापले. माझा हात तिच्यासारखा नव्हता. डावा डोळा तांदळाच्या दाण्याएवढा खाली बसला.

फोटो मीच नेऊन माजघराच्या भिंतीवर लावला. बाया पाहायला आल्या. बोलत बोलत आल्या आणि उंबऱ्यात गप्प झाल्या. भिवा भिंतीवरून पाहत होता. डोळ्यांत पाणी भरलेलं, कडा काळ्या पडलेल्या, आणि खाली ते वाकडं हसू. पण पाण्याचं एवढं नाही. नजरेचं होतं. ती पोरगी मला पाहत होती, हा माणूस माझ्याशी काय करून राहिला, असं. आता मेलेला माणूस समोर येईल त्याला तसंच पाहत होता. मी डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो. तो पाहतच होता.

भिवाची बायको माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "माझा मालक कदीच रडला नाई जी. हा कोण आणला तुमी?"

मी म्हणालो, दुसरा करून देतो. तिनं पदराचं टोक फोटोवर धरून बघितलं, डोळे झाकले की खाली तिचा नवरा दिसायचा. हात काढला की दुसराच कोणी. मी निघालो तेव्हा ती तशीच उभी होती, झाकत आणि उघडत.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी ती मला तुमसरच्या बाजारात भेटली. जमनाचं लग्न झालं होतं. मी बरं झालं म्हणालो. ती म्हणाली, "पोरगी रडली नाई जी."

"कवा?"

"पाठवणीले. बाया चिमटे काढून राहिल्या, तरी टिपूस नाई. तुमी फोटो काढला त्या दिवसापासून तिच्या डोळ्याले पाणीच नाई. फोटोच्या खोलीत पाय ठेवत नाई. म्हणते, मी तिथं आहो, मंग इथं कोण आहे?"

मला हसायला आलं पाहिजे होतं. अशा गोष्टी मी खूप ऐकल्या आहेत. तेव्हा आलं नाही. दुसरा करून देतो, असं मी परत म्हणालो. ती म्हणाली, "राहू द्या. आता पोराचे लेकरं त्याच तोंडाले आजा म्हणून राहिले." भिवाच्या नातवंडांना कोणी सांगितलं की तुमचा आजा गावाला हसवायचा, तर ती मानत नसत. भिंतीवर तर रडका आजा होता. मेलेल्या माणसाचा स्वभाव मी बदलून टाकला होता.

बाजारातून येऊन हे सुभद्राला सांगितलं.  सकाळी तिनं कायदा केला. तेरवीच्या आधी कोणाचे डोळे घ्यायचे नाहीत. माणूस जेवलेला पाहिजे, झोपलेला पाहिजे, आणि हो म्हणाला पाहिजे. फोटो चौकटीत बसून गेला की ज्याचे डोळे घेतले त्याच्या हातात ती डोळ्यांची निगेटिव्ह द्यायची. ती स्वतः द्यायची, दोन्ही हातांनी. "हे घ्या, तुमचे डोळे परत." लोक आधी हसले. मग त्याचा रिवाजच झाला. कोणी ती निगेटिव्ह बोडीत, गावच्या तळ्यात, सोडायचे, कोणी चुलीत टाकायचे. खेड्यातली माणसं मुद्दाम येऊन विचारायची, "सुभद्राबाईनं डोळे परत देल्ले का?"

"त्या आंबागडच्या पोरीचे बी देऊन या," ती म्हणाली.

जमना तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. मी पाकीट घेऊन गेलो. तलावाच्या पारीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, गेलो. ती घाटावर कपडे धूत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी सायकल फिरवली. बस, एवढंच. ज्याच्यावरून चाळीस वर्षं झोप उडावी असं त्यात काही नव्हतं, तरी मी फिरवली. घरी येऊन पाकीट पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली घातलं.

"देल्लं?" सुभद्रानं विचारलं.

"देल्लं."

"काही बोलली?"

"नाई."

"रडली?"

"नाई." त्या सगळ्यात एवढंच खरं होतं.

आता संपादकांना कबूल केलेल्या गमती. लग्नात मी रडणाऱ्या नवरीचा फोटो काढला नाही, पुढं एकदाही नाही. आणि लोकांना नेमका तोच पाहिजे असायचा. साकोलीच्या एका लग्नात नवरीचा मामा माझ्या मागंच लागला, "रडतानाचा एक पायजेच, नाई तं अल्बम पुरा कसा व्हईल?" मी म्हणालो, रोल संपला. दुसऱ्या लग्नात संपला, तिसऱ्यात संपला. मग नावच पडलं, तुमसरच्या फोटोवाल्याचा रोल रडाच्या वेळी बराबर संपते.

दुसरा एक चिखला गावचा. खाणीत जन्म काढून रिटायर झालेला बुढा. धुतलेला सदरा घालून आला. "माझा भिंतीवरचा फोटो काढून टाका. मेल्यावर कोणाचे उसने नोको. माझे डोळे माझेच राहू द्या." बाहेरून झेंडूचा हार घेऊन आला होता. फोटो तयार झाल्यावर त्यानं तो चौकटीवर घातला, दोन पावलं मागं सरकला आणि बराच वेळ स्वतःला पाहत राहिला. मग म्हणाला, "बरा माणूस होता." पाच वर्षांनी परत आला. "तो जुना झाला गा, वळखू येत नाई." असे त्यानं चार काढले. शेवटी कोणता लावला, मला माहीत नाही.

मोबाईल आले आणि आमचं काम संपलं. आता प्रत्येकाचे शंभर फोटो असतात, डोळे उघडे. उसने घ्यायची गरज नाही.

सुभद्रा होळीच्या आधी गेली. दुपारी चहा ठेवायला उठली आणि खाली बसली, तशीच. माझ्या हातात माणूस मरताना मी पहिल्यांदा पाहिला. मला वाटायचं मला सवय आहे. सवय फक्त मेलेल्यांची होती. तिला आंगणात ठेवलं तेव्हा मी काय करत होतो ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. गल्लीतल्या मास्तरांनी मोबाईलवर फोटो काढला होता. त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली, फुलं, हात जोडलेले, आणि तो सगळ्या ग्रुपवर फिरत होता. सुभद्रा त्यात दिसतही नव्हती. मी होतो. तोंड वाकडं, नाकातून पाणी, आणि नजर सरळ मास्तरांकडे.

ती नजर मी ओळखली. हा माणूस माझ्याशी काय करून राहिला.

मास्तर भला माणूस आहे. चांगल्या मनानं केलं त्यानं. मीसुद्धा चांगल्याच मनानं केलं होतं.

सुभद्राचा फोटो मी लावला तो कामातला. मान खाली, चष्मा नाकावर, हातात ब्रश. डोळे दिसत नाहीत. माझी पोरगी म्हणाली, "बाबा, मायचा डोळे दिसणारा लावा ना." मी म्हणालो, नाही. मले पाहून राहिली असं नको. काम करून राहिली असं पाहिजे.

पोळ्यानंतरच्या दुसऱ्या हप्त्यात दुपारी एक बाई आली. साठीची, केस पांढरे, काखेत लुगड्यात गुंडाळलेली चौकट. फॉर्मच्या फोटोसाठी फिरायचं स्टूल ठेवलं आहे, त्यावर बसली. मागं माझा जुना रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि हंस.

"वळखलं का जी?"

तिनं वर पाहिलं आणि मी ओळखलं. "जमना. आंबागडची."

तिनं लुगडं सोडलं. भिवा माझ्याकडे पाहत होता. चौकटीला वाळवी लागली होती, फोटो पिवळा पडला होता, डोळे मात्र तसेच. ओले म्हणावेत इतके तसेच. मी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे, दगडासारखे. म्हाताऱ्या तोंडात ते जुने आणि फोटोतले ताजे. अंगावर काटा आला, आणि मी घाबरट माणूस नाही.

"माय गेली सावनात," ती म्हणाली. "घर पाडून भाऊ नवं बांधून राहिला. सुना म्हणतात, हे त्या घरात नोको, आमाले भेव लागते. म्हणून आणला."

"ठेवा. काय करायचं सांगा."

"मायच्या मातीले मी रडली नाई जी." हे तिनं सांगितलं जसं कोणी ताप आला म्हणून सांगतं. "बाया म्हणत, हे पाह्य कशी बसली, दगड. मले येतच नाई. मायसाठी बी नाई आलं. बाबाच्या दिवशी तुमी म्हटलं, हात खाली, पापणी नोको मारू. तवापासून नाई." मग म्हणाली, "तुमची बायको सगळ्याइचे डोळे परत देत होती, मी आयकलं. माझे काहून नाई देल्ले?"

मी खोटं बोलू शकलो असतो. जिच्यापुढे बोललो होतो ती आता नव्हती.

"मी आणले होते," मी म्हणालो. "तलावाच्या पारीपर्यंत. तुम्ही पाहिलं आणि मी परत फिरलो."

"आठवते मले. मी म्हटलं, हा आता अजून काय न्याले आला." ती हसली नाही, पण ओठ एका बाजूला वर गेला. बापाचा ओठ. "आहेत का मंग?"

पत्र्याची पेटी काढली. वरच्या निगेटिव्ह उपसल्या, धूळ, मेलेली झुरळं. सगळ्यात खाली पाकीट होतं. पण ते माझं पाकीट नव्हतं. मी ठेवलं ते खाकी होतं. हे कॅलेंडरच्या पानाचं होतं, नीट घडी घालून, विडीचा कट्टा बांधावा तसं दोऱ्यानं बांधलेलं. पान मागच्या वर्षाचं. वर सुभद्राची वाकडी अक्षरं. ती चौथी शिकलेली, वेलांटी नेहमी उलटी काढायची.

जमना, आंबागड. हे राहिलं.

म्हणजे तिला माहीत होतं. मागच्या वर्षीही माहीत होतं, आणि त्याच्या आधी किती पाकिटं फाटली आणि तिनं बदलली, मला कळायला मार्ग नाही. चाळीस वर्षं जेवायला वाढलं आणि एकदाही म्हणाली नाही, तुमी खोटं बोलले. नुसतं पाकीट बदलत राहिली.

मी ते जमनाच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी. "हे घ्या. तुमचे डोळे—" पुढचं निघालं नाही. तोंड वाकडं झालं, मास्तरांच्या फोटोत झालं होतं तसंच. मला थांबवता आलं नाही.

जमनानं मला पाहिलं. आणि मग तिनं पायानं स्टूल फिरवलं. पूर्ण, पडद्याकडे. मला तिची पाठ, अंबाडा आणि पुढं तो रंगवलेला हंस एवढंच दिसत होतं.  मी धोतरात तोंड घालून रडलो, किती वेळ ते सांगत नाही, आणि तेवढा वेळ ती बागेकडे तोंड करून बसली होती.

माझं आटोपलं तेव्हा तिनं दोरा सोडला होता. निगेटिव्ह बोटांत धरून वर दाराच्या उजेडाकडे केली होती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. तोंड काळं, बुबुळं पांढरी, गालावरचं पाणी काळ्या रेघांसारखं.

"हे मी?" पाठ तशीच ठेवून तिनं विचारलं.

"हाव."

"एवढीशी होती?"

 तिचा हात खाली आला. खांद्याजवळ काहीतरी हललं, किंवा मला तसं वाटलं. स्टूल करकरलं.

मी उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. पायरीवर उभा राहिलो, रस्त्याकडे तोंड करून. एक पोरगी फॉर्म घेऊन आली. "काका, फोटो पायजे होता, आजच भराचा आहे."

"पुढच्या चौकात जा, बाई. तिथं लवकर होते."

"आंत कोणी आहे का?"

"आहे. वेळ लागेल."

जमना बऱ्याच वेळानं निघाली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला होता. पाकीट मुठीत होतं, चौकट आतच ठेवली होती. जाताना एवढंच म्हणाली, "बाबाचे मिटून देजा."

भिवाची मूळ निगेटिव्ह सापडली. मी छापून दिला. डोळे मिटलेले आणि ते वाकडं हसू. नव्या घरात हाच लावणार म्हणतात, आणि सुना आता भेत नाहीत.

माझी पोरगी मला अजून विचारते, "बाबा, ते बाई मंग रडली का आंत?" मी तिला सांगतो, मी रस्त्याकडे पाहत होतो.